बाळंतिणीची रम

गेल्या हिवाळ्यात भावाच्या सुनेचं बाळंतपण झालं, म्हणून मी नगरला गेले होते. पोरीला झोप लागेना, म्हणून डॉक्टरांनी तिला झोपेची गोळी दिलेली. तिथं शेजारची एक हौशी बाई आली आणि म्हणाली, "थंडी केवढी पडलीय! चमचाभर ब्रँडी पाजा की तिला, काय बिघडतंय?" माझं टाळकंच सटकलं. म्हटलं, "बाई, काय बिघडतं ते मला विचारा. मी बिघडून आलेय." बाई चहा न पिताच निघून गेली. भाऊ म्हणाला, तुझी जीभ अजून तशीच आहे. आहे तर आहे! ही जीभ जिथं चालवायला हवी होती तिथं एकदा चालवली नाही, आणि मरता मरता वाचले. कुणामुळे वाचले, ते सांगायचं राहून गेलं तर मला सुखानं मरण यायचं नाही.

बहात्तरचा मोठा दुष्काळ पडला, त्याच्या आदल्या वर्षीचा पौष. शेवगावच्या अलीकडे चार मैलांवर आमचं गाव. माझे मालक गावातल्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. घरात आम्ही दोघं आणि सासू-सासरे. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी नेवाशाला झालं होतं, त्यामुळे दुसरं सासरीच. मुलगी झाली. थोरल्याला माझी आई घेऊन गेली होती, म्हणून घर शांत होतं.

सासरे माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि शब्द असा की गावात दोन भाऊ भांडले तर मिटवायला यांना बोलवत. आमच्या घरात मटण सोडाच, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. आणि दारू? तो शब्दसुद्धा त्यांच्यासमोर कुणी काढत नव्हतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, परक्या माणसासमोर नवऱ्याच्या देखत तोंड उघडायच्या नाहीत. पदर कपाळापर्यंत ओढायच्या आणि भिंतीला लागून उभ्या राहायच्या. एकट्या असल्या की मात्र जिभेला हाड नाही. माझं आणि त्यांचं त्यामुळेच जमायचं.

बाळंतपणात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. शेक, शेगडी, धुरी, बाळंतकाढा, डिंकाचे लाडू, सगळं वेळच्या वेळी. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं आणि एक वाटी माझ्या हातात दिली. कोमट गुळाचं पाणी, त्यात ओवा, आणि त्या ओव्याच्या वासाखाली दुसराच एक वास.

"हे काय हो?"

"औशीद हाय. पी गुमान. वारं लागंल न्हाईतर, जलमभर कंबर धरून बसशील."

मी नेवाशाच्या शाळेत सातवी झालेली बाई. मला काय ते कळलंच. आत्याबाईंचा भाऊ लष्करातून हवालदार म्हणून रिटायर होऊन भिंगारला राहायचा. त्याला कॅन्टीनमधून रमची बाटली मिळायची. तो दिवाळीला येऊन गेला, तेव्हा बहिणीसाठी पिशवीतून एक ठेवून गेला होता. बाळंतिणीला थंडीत ती द्यायची रीत त्यांच्या माहेरी होती, तशी ती इकडच्या कितीतरी घरांत होती. चोरून. ती त्यांनी बाजरीच्या कणगीत खाली पुरून ठेवली होती. त्या वर्षी बाजरी मुळात कमी, त्यामुळे बाटली वर येऊ नये म्हणून त्यांना रोज खालीच सरकवावी लागायची.

"कुनाला बोलायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "यान्ला कळलं तर मला ह्या घरात पानी मिळायचं न्हाई."

मी मान हलवली आणि पिऊन टाकलं. छातीत ऊब आली. खोटं कशाला बोलू, पहिल्याच दिवशी मला ती ऊब बरी वाटली. दोन-तीन दिवसांनी तर दिवेलागण कधी होते याची मी वाट बघू लागले.

पण झोप? ती काही येईना. मुलीला पाजून निजवलं की मी आढ्याकडे बघत पडायचे. काही कारण नसताना रडू फुटायचं. मुलगी धडधाकट, नवरा चांगला, सासू हातावर झेलतेय, आणि मी आपली मुळूमुळू रडतेय! माझा मलाच राग यायचा. मालकांनी चार-पाच दिवस बघितलं आणि बाजाराच्या दिवशी शेवगावच्या डॉक्टरांना घरी घेऊन आले. ते दर बाजाराला मोटारसायकलवरून आमच्या गावी येत. आत्याबाई तेव्हा बाजारात गेल्या होत्या. मुद्दामच ती वेळ साधली होती, कारण बाळंतिणीनं इंग्रजी औषध घेतलं की दूध आटतं असं आत्याबाईंचं ठाम मत. त्यांना कळलं असतं तर गोळी चुलीत गेली असती.

डॉक्टरांनी नाडी बघितली, चार प्रश्न विचारले, मग पाच गोळ्यांची पुडी मालकांच्या हातात दिली. "रोज रात्री एकच. पण आधी एक सांगा. काढा, मात्रा, दारू, ब्रँडी, काही घेताय का? बाळंतिणींना देतात गावाकडं. काही असेल तर आत्ताच बोला, या गोळीबरोबर ते अंगाशी येतं."

बाहेर ओसरीवर सासरे बसलेले. त्यांचा खोकला मला ऐकू येत होता. आत्याबाईंना दिलेला शब्द डोक्यात होता. मी म्हटलं, "काही नाही. नुसता काढा."

झालं. सगळं तिथंच घडलं. गोळीचं आत्याबाईंना ठाऊक नाही, रमचं मालकांना ठाऊक नाही. दोन्ही गोष्टी ठाऊक असलेली घरात मी एकटीच.

पहिल्या रात्री एक गोळी घेतली. थोडा वेळ डोळा लागला, पुन्हा उघडला. दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी पडली. मी दुपारभर रडत होते. आत्याबाईंनी ते बघितलं आणि संध्याकाळी वाटी नेहमीपेक्षा भरून आणली. त्यांचा हिशेब साधा होता: पोरीला झोप नाही, अंगात थंडी शिरली, थोडी जास्त देऊ. माझाही हिशेब साधाच. एका गोळीनं भागत नाही ना, मग दोन. मालक मुलीचा पाळणा हलवत होते, तेवढ्यात मी दुसरी तोंडात टाकली. एकमेकींना न सांगता आम्ही दोघींनी एकाच दिवशी माप वाढवलं.

यापुढचं मला ठाऊक नाही. मालकांनी सांगितलं तेच सांगते.

सकाळी मुलगी रडून रडून लाल झाली तरी मी हलले नाही. आत्याबाईंनी हाका मारल्या, गदागदा हलवलं. डोळे अर्धे मिटलेले, ओठ काळेनिळे, आणि घशातून घरघर. मालक सायकल काढून सुटले. डॉक्टर मोटारसायकलवर आले, तोवर घरात चार बायका जमल्या होत्या. एक जण माझं तोंड उघडून लिंबाचं पाणी ओतायच्या बेतात होती. डॉक्टर दारातूनच ओरडले, "मारता काय तिला? शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही! छातीत जाईल!" त्यांनी मला कुशीवर वळवलं, हनुवटी वर धरली आणि घड्याळ काढून श्वास मोजत बसले.

मग पुडी मागितली. तीन गोळ्या हव्या होत्या, दोनच निघाल्या.

"मास्तर, घरात काही भांडण झालं होतं?"

मालकांना आधी कळेनाच. मग कळलं. सुनेनं जीव द्यायला गोळ्या खाल्ल्या, असा त्याचा अर्थ होता. पोलीस पाटलाला कळवावं लागलं असतं, आणि माझ्या पोरीच्या कपाळावर तो डाग जन्मभर राहिला असता. डॉक्टर मात्र विचारात पडले होते. "एका जादा गोळीनं एवढं होत नाही. आणखी काहीतरी पोटात गेलंय. हिनं दारूबिरू काही..."

सासरे ओसरीवरून ताडकन उठले. "डाक्टर! तीन पिढ्यांची माळ हाय ह्या घरात. असला शबुद परत काढू नका."

डॉक्टरांनी विषय सोडून दिला.  ते म्हणाले, "बरं. मग गोळीचा अंमल उतरायची वाट बघू दुपारपर्यंत."

वाट बघितली असती तर मी आज हे सांगायला नसते. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, पुढे नगरच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. गोळीही श्वास मंदावते आणि दारूही मंदावते, दोन्ही एकत्र झाल्या की माणूस झोपेतच श्वास घ्यायचा थांबतो.

आत्याबाई भिंतीला लागून उभ्या होत्या, तान्ही पोर छातीशी धरून. त्यांनी पोर मालकांच्या हातात दिली. कणगीपाशी गेल्या. खांद्यापर्यंत हात बाजरीत घातला आणि बाटली काढून डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवली. नवरा समोर, गावच्या बायका समोर, परका माणूस समोर. पदर कपाळापर्यंत होता, पण आवाज खणखणीत.

"मी पाजली. आठ दिस झालं पाजते. काल जास्ती पाजली."

"किती?"

त्यांनी वाटी आणली आणि बोट लावून दाखवलं. "हितवर. दिवेलागनीला. गुळाच्या पान्यात." मग मालकांकडे वळून म्हणाल्या, "कसली गोळी रं? मला कुनी कसं सांगितलं न्हाई?"

डॉक्टर उठत म्हणाले, "आई, वेळेवर बोललात. आता इथं थांबायचं नाही, नगर गाठायचं."

उसाचा हंगाम होता. कारखान्यावर ऊस उतरवून रिकामा चाललेला एक ट्रक मालकांनी रस्त्यात आडवं उभं राहून थांबवला. ड्रायव्हर नगरचाच, मुसलमान माणूस. काही न विचारता त्यानं मागचं उसाचं पाचट बाजूला सारलं, गोधड्या अंथरल्या आणि मला उचलायला हात लावला. डॉक्टर मोटारसायकल आमच्या दारात टाकून ट्रकमध्ये बसले. आत्याबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं, मालक पोरीला घेऊन शेजारी बसले. वाटेत दोनदा माझा श्वास अडकला. दोन्ही वेळा डॉक्टरांनी माझा जबडा पुढे ओढून धरला, तेव्हा कुठे तो परत सुरू झाला. त्या ड्रायव्हरचं नाव मला कधी कळलं नाही. देव त्याच्या लेकराबाळांना सुखी ठेवो. त्या डॉक्टरांनाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला जाग आली. नाकाला नळी, हातात सुई. आत्याबाई खाटेशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. माझे डोळे उघडलेले बघून त्या म्हणाल्या, "उठलीस का गं भवाने!" आणि पदरात तोंड घालून हमसून हमसून रडल्या. मीही रडले. पण त्या आधीच्या रडण्यातलं हे रडणं नव्हतं. जिवंत आहे, एवढंच पोटभर वाटत होतं.

घरी आलो आणि खरी शिक्षा सुरू झाली. माझी नाही, त्यांची.

सासऱ्यांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं, दोन दिवसांत संपला असता. त्यांनी आपलं ताट-तांब्या उचलला आणि पलीकडच्या चुलतभावाच्या घरी जेवायला सुरुवात केली. बायकोच्या हातचं पाणीसुद्धा घेईनात. तिच्याशी बोलेनात. गावात तर काय, आयतं खाद्य मिळालं. सासूनं सुनेला दारू पाजून मारायला काढलं होतं, असं पाणवठ्यावर सर्रास बोललं जाऊ लागलं. आत्याबाई पाणवठ्यावर जायच्या, ते ऐकायच्या आणि हंडा भरून परत यायच्या. मग माझ्या अंगाला तेल लावायला बसायच्या. हात पूर्वीइतकाच जोरकस. "लई वाळलीस," एवढंच म्हणायच्या.

आणि मी? एवढी तोंडाळ मी, पण मुकाट अंग चोळून घेत होते. मी डॉक्टरांना खोटं सांगितलं, मला दोन्ही ठाऊक होतं, दुसरी गोळी मी स्वतः खाल्ली. मालकांना मी सांगितलं, "चुकून दोन गेल्या." त्यांनी पुढं विचारलं नाही. खरं बोलले तर लोक म्हणणार, हिला मरायचंच होतं. नाहीतर म्हणणार, मास्तराची बायको दारू पिते. मी भ्याले. रोज वाटायचं, आज तरी आत्याबाई कुणाला तरी म्हणतील, 'अवो, हिला समदं ठावं हुतं.' त्यांना ते कळलं होतंच. शेवगावचे डॉक्टर नगरच्या दवाखान्यात त्यांच्यादेखतच मला म्हणाले होते, "मी विचारलं होतं ना तुम्हाला?" पण त्यांनी कधीच चकार शब्द काढला नाही.

बाळंतपणाला सव्वा महिना झाला. त्या दिवशी बाळंतीण न्हाऊन-धुऊन पुन्हा चुलीला हात लावते. सकाळीच सासऱ्यांनी मालकांकडे निरोप दिला: आजपासून घरी जेवीन, पण सूनबाईच्या हातचं.

हे ऐकून आत्याबाईंना काय आनंद झाला! मला वाटलं होतं दुखावतील. छे! नवरा घरी जेवणार म्हणून बाईचं तोंड फुललं. स्वतः मात्र स्वयंपाकघराच्या आत पाऊल टाकेनात. उंबऱ्याबाहेर बसून मला सांगत होत्या, "पिठल्यात मीठ बघ. त्यान्ला तिखट कमी लागतं. भाकर नीट फुगू दे." स्वतःच्या चुलीपासून सहा हातांवर, बाहेर. ते मला बघवेना.

ताट वाढून मी ओसरीवर नेलं. सासरे पाटावर बसले होते. मी ताट खाली ठेवलंच नाही.

"मामंजी, जेवायच्या आधी ऐका. डॉक्टरांनी मला विचारलं होतं, दारू घेतेस का. मी खोटं बोलले. मला ती कसली वाटी आहे ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. गोळी दिल्याचंही ठाऊक होतं. आत्याबाईंना गोळीचं ठाऊक नव्हतं. दुसरी गोळी मी माझ्या हातानं खाल्ली, झोप यावी म्हणून. त्यांच्या हातचं चालत नसेल, तर माझ्याही हातचं चालायचं नाही."

बोलता बोलता पिठलं ताटाबाहेर सांडलं. मालक दारात येऊन उभे राहिले होते. त्यांना वाटलं, आता आकाश कोसळतंय.

 सासरे म्हणाले, "मग इतकं दिस ती का न्हाई बोलली हे?"

"ते तुम्ही त्यांनाच विचारा."

त्यांनी मान खाली घातली. "मी डाक्टरचं तोंड बंद केलं हुतं. ती बोलली नसती तर माझ्या पायी गेली असतीस तू." एवढं म्हणून ते उठले. ताट माझ्या हातातच राहिलं. आत्याबाई उंबऱ्यापाशी बसलेल्या, त्या घाबरून उभ्या राहिल्या. सासरे त्यांच्या अंगावरून आत गेले, चुलीसमोर बसले आणि म्हणाले, "भाकर टाक."

महिनाभरानंतर नवरा बोलला तो हा एवढाच शब्द. आत्याबाईंना पीठ मळता येईना. पहिली भाकरी तव्यावर टाकताना मधूनच फाटली. "दुसरी टाकते," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे," म्हणून त्यांनी तीच फाटकी भाकरी पिठल्यात बुडवून खाल्ली.

दुपारी घर निजलं. आम्ही दोघी मागच्या दारी भांडी घासत बसलो होतो. मला वाटलं, आज मोकळं झालंच आहे मन, तर उरलेलंही काढून टाकावं.

"आत्याबाई, एक राहिलंय. मला ती आवडायला लागली होती. मी शब्दासाठी गप्प बसले हे खरं, पण सांगितलं तर वाटी बंद होईल, म्हणूनही गप्प बसले."

त्या राखेचा हात थांबवून माझ्याकडे बघून हसल्या. "ठावं हाय की. वाटी चाटूनपुसून द्यायचीस. घासायला काय ऱ्हायाचंच न्हाई."

मला धरणी ठाव देईना. "मग सगळे तुम्हाला बोलत होते, तेव्हा तरी सांगायचं होतं ना! डॉक्टरांना, मामंजींना, कुणाला तरी!"

"डाक्टरला किती पाजली ते पायजे हुतं. ते सांगितलं," त्या म्हणाल्या, आणि पुढचं भांडं ओढलं. "तुला कशी लागायची, ते गावाला कशाला सांगू?"